इतर परिस्थिती स्थिर असताना: कापसाच्या जिल्ह्यात अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष

(ज्यांच्याकडे नेट कमी आहे किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

 

आपला पॉडकास्ट इतिहासाचा. पण हल्ली मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो, आणि तो जास्त करून यवतमाळ जिल्ह्यातून येतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड. प्रश्न असा: "बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र घेतलंय. वाचतो, पण पेपरात काही लिहिता येत नाही. मार्क कसे वाढवायचे?"

आता तुम्ही म्हणाल, हे आमच्या सरांना विचारायचं, इतिहासवाल्याला कशाला? तर मी या प्रश्नावर बराच विचार केला, आणि मला वाटतं की या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासातच आहे. तेही लांबच्या नाही, तुमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात. उरलेलं अर्धं उत्तर मेहनतीत आहे, त्याबद्दल शेवटी बोलू.

पहिल्या वर्षाच्या वर्गात काय होतं ते आधी बघू. फळ्यावर एक वाक्य येतं: "इतर परिस्थिती स्थिर असताना, वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते." सगळे उतरवून घेतात. मग उदाहरण येतं चहा आणि कॉफीचं. किंवा पेन आणि शाईचं. किंवा सफरचंदांचं: पहिलं सफरचंद खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला समाधान कमी झालं. आकृती काढली, परीक्षेला महत्त्वाचा म्हणून प्रश्नावर खूण केली, पुढचा धडा.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, झरी जामणी भागातली. घरी कापूस. तिला विचारा, ओलावा जास्त निघाला की भावात किती कापतात? ती सांगेल. खेडा खरेदीवाल्याला घरीच माल दिला तर काय सुटतं आणि काय बुडतं? तेही सांगेल. चुकारा हातात यायला किती दिवस लागतील, तोपर्यंत उसनवारी कुणाकडून करायची, सगळा हिशेब तोंडपाठ. पण "बाजाराचे प्रकार स्पष्ट करा" या प्रश्नाला तिला दोन मार्क मिळाले. तिनं व्याख्या पाठ केली होती, ती ऐनवेळी विसरली, आणि पुढे लिहायला काही उरलं नाही.

यात अडचण तिच्या डोक्याची नाही. तिच्या घरचा हिशेब आणि तिच्या पुस्तकातला हिशेब यांची ओळखच कुणी करून दिलेली नाही. ही ओळख का राहून गेली, आणि ती आपली आपण कशी करून घ्यायची, हा आजचा विषय.

शब्द आले, उदाहरणं राहिली

मराठीत अर्थशास्त्र कधी आलं असेल, अंदाज करा. १९५०? १९२०? नाही. १८४९ मध्ये लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरि देशमुख, यांनी 'लक्ष्मीज्ञान' नावाचं पुस्तक लिहिलं. ते एका इंग्रजी पुस्तकावर आधारलेलं होतं. १८५४ मध्ये हरि केशवजी पाठारे यांचं 'देशव्यवहारव्यवस्था' आलं. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अर्थशास्त्रपरिभाषा' आलं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्या आधी मराठीत अर्थशास्त्राची पुस्तकं होती!

आणि नावं बघा. एकाला वाटलं हे लक्ष्मीचं ज्ञान आहे, दुसऱ्याला वाटलं हा देशाचा व्यवहार आहे. या विषयाला मराठीत म्हणायचं काय, हेच अजून ठरायचं होतं. त्यामुळे 'सीमांत उपयोगिता' हा शब्द बघून तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर एकटे समजू नका. आपली भाषा या विषयाच्या शब्दांशी पावणेदोनशे वर्षं झगडतेय.

पुढे विद्यापीठं आली आणि वरचं शिक्षण इंग्रजीत गेलं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आणि वऱ्हाडातली कॉलेजं त्याला जोडलेली. अमरावती विद्यापीठ वेगळं झालं ते १९८३ मध्ये. मधल्या काळात मराठी पुन्हा वर्गात आली. भाषा संचालनालयानं परिभाषा कोश काढले, नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालं, मराठी अर्थशास्त्र परिषद झाली. या लोकांनी मोठं काम केलंय. आज तुम्ही 'लवचीकता', 'समतोल', 'मक्तेदारी' असे शब्द सहज वापरता, ते त्यांच्यामुळे.

पण एक गोष्ट राहिली. शब्द मराठी झाले, तरी उदाहरणं बऱ्याचदा परकीच राहिली. आणि मला वाटतं पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अडतो तो इथे.

हे काही मी आज नवीन सांगतोय असं नाही. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की इंग्लंडमध्ये तयार झालेले सिद्धांत तिथल्या परिस्थितीतून आलेत. ते सगळीकडे, सगळ्या काळी जसेच्या तसे लागू पडतात असं धरून चालू नका, इथल्या परिस्थितीवर तपासून घ्या. म्हणजेच, "इतर परिस्थिती" कोणती ते आधी बघा.

आणखी एक माणूस. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी त्यांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा सगळे म्हणत होते, शेतं फार लहान झालीत, तुकडे जोडा, सगळं ठीक होईल. आंबेडकरांनी विचारलं, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून कसं ठरेल? त्या जमिनीला अवजारं किती, बैल किती, भांडवल किती, राबणारे हात किती, यावरून ते ठरेल. आणि शेतीवर जे जास्तीचे हात पडून आहेत त्यांना उद्योगांकडे वळवायला हवं. आता तुमच्या पुस्तकात 'उत्पादनाचे घटक' हा धडा काढा: भूमी, श्रम, भांडवल, संयोजक. पाठ करायच्या चार व्याख्या वाटतात ना? आंबेडकरांच्या हातात त्याच चार गोष्टी देशाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं साधन झाल्या. तुमच्या चार एकर वावराला हेच प्रश्न विचारून बघा.

१८६१: वक्र कसा सरकतो

आता कापसाकडे येऊ. पहिल्या वर्षाच्या पेपरातला एक नेहमीचा प्रश्न घ्या: मागणीचा विस्तार आणि मागणीतील वाढ यांतला फरक. मुलं इथे हमखास गोंधळतात. एकात आपण त्याच वक्रावर वर-खाली होतो, दुसऱ्यात सगळा वक्रच जागा सोडतो. ऐकायला सोपं वाटतं, पण पेपरात उलटं लिहिलं जातं.

एप्रिल १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून यायचा. तो आटला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग व्यापाऱ्यांची नजर वळली इजिप्तकडे आणि भारताकडे. भारतात कुठे? गुजरात, खानदेश, आणि आपलं वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं होतं. आजचा यवतमाळ जिल्हा हा त्या वऱ्हाडाचा आग्नेय कोपरा. इंग्रजी कागदांत तो बराच काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा.

कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, आणि भाव कोसळले. मुंबईत कंपन्या बुडाल्या.

आता हेच आकृतीच्या भाषेत सांगतो. कागद घ्या हाताशी.

वऱ्हाडी कापूस आणि अमेरिकन कापूस या पर्यायी वस्तू. अमेरिकन कापूस मिळेना, महाग झाला, म्हणून आहे त्याच भावाला वऱ्हाडी कापसाची मागणी जास्त झाली. वऱ्हाडी कापसाची स्वतःची किंमत बदलल्यामुळे हे झालेलं नाही, बाहेरची परिस्थिती बदलली. म्हणजे सगळा मागणी वक्र उजवीकडे सरकला. ही 'मागणीतील वाढ'.

मागणी वाढली, भाव चढला. चढा भाव बघून कास्तकारानं जास्त वावरात पऱ्हाटी लावली. इथे पुरवठा वक्र जागचा हललेला नाही. त्याच वक्रावर आपण वर गेलो. हा 'पुरवठ्याचा विस्तार'.

आता तिसरी पायरी. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. त्याआधी कापूस बैलांवर आणि बंड्यांवर लादून आठवडेच्या आठवडे चालायचा. रेल्वेनं वाहतुकीचा खर्च पाडला, म्हणजे त्याच भावाला जास्त माल बाजारात आणणं परवडू लागलं. आता पुरवठा वक्रच उजवीकडे सरकला. ही 'पुरवठ्यातील वाढ'. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज आली, आपली शकुंतला. ती कापसासाठीच टाकलेली, आणि तिचं वाफेचं इंजिन कुठं बनलेलं? मँचेस्टरला! कापूस जायचा कुठं, तर मँचेस्टरच्या दिशेनं.

आणि शेवटचा प्रश्न: युद्ध संपल्यावर गिऱ्हाईक परत अमेरिकेकडे का गेलं? कारण आपला कापूस आखूड धाग्याचा, आणि तिकडची यंत्रं लांब धाग्याला सरावलेली. म्हणजे वऱ्हाडी कापूस हा पर्याय होता, पण जवळचा पर्याय नव्हता. नाइलाज होता तोवर घेतला. 'पर्यायी वस्तूंची उपलब्धता' हा मुद्दा लवचीकतेच्या धड्यात असतो. आता तो विसराल का?

या गोष्टीची एक काळी बाजूही आहे, आणि तीही पुस्तकातच आहे, 'संधी खर्च' या नावानं. ज्या वावरात कापूस लावला त्या वावरात ज्वारी नाही लावली. कापसाची खरी किंमत म्हणजे न लावलेली ज्वारी. भाव चांगला असला की हे लक्षात येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं. घरात धान्य नाही, विकत घ्यायचं तर धान्याचे भाव चढलेले आणि हाताला काम नाही. संधी खर्चाची व्याख्या दोन ओळींची आहे, पण आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी तो भरलाय.

रुमालाखालचा भाव

१८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई आणि लंडन जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव आता काही तासांत इकडे कळू लागला. पण कुणाला? मोठ्या व्यापाऱ्याला. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला नाही.

आणि बाजारात सौदा कसा व्हायचा? अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल आहे तो शेजारी उभा, आणि त्याला दिसतंय काय, तर रुमाल! वजनात काटछाट वेगळी, धर्मादायाच्या नावानं कापणं वेगळं.

यावर उपाय म्हणून जो प्रयोग झाला, तो आपल्या शेजारीच. १८८६ मध्ये कारंजा इथे, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, शकुंतलेच्या वाटेवरच्या गावात, भारतातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभर असे नियंत्रित बाजार करा म्हणून शिफारस केली, तेव्हा समोर नमुना होता वऱ्हाडचा. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा. तुमच्या गावच्या कॉटन मार्केटची मुळं अशी दीडशे वर्षांकडे जातात. गंमत म्हणजे सुरुवातीच्या त्या बाजार समित्यांत व्यापारी होते, नगरपालिकेचे लोक होते, फक्त कास्तकाराला जागा नव्हती.

पुस्तकात पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्यं असतात: असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, बाजाराचं संपूर्ण ज्ञान. मुलं ही यादी पाठ करतात आणि एखादा मुद्दा गाळतात. आता रुमाल आठवा. रुमालाखाली काय नाहीसं होतं? बाजाराचं संपूर्ण ज्ञान! जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये एका बाजूला जास्त माहिती आणि दुसऱ्या बाजूला कमी, अशा बाजारावर निबंध लिहिला. त्याचं उदाहरण जुन्या मोटारगाड्यांचं होतं. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे या विषयाचा रुमाल होता, निबंध लिहायचा राहिला.

एकच गिऱ्हाईक

आता १९७२. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. अर्थ काय? राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, व्यापाऱ्याला नाही. सरकार हमी भाव देणार, पुढे फायदा झाला तर वरची रक्कमही देणार. हेतू चांगला होता: रुमालवाल्याच्या तावडीतून कास्तकार सुटावा.

पुस्तकात मक्तेदारी म्हणजे विकणारा एकच. इथे उलट झालं, विकत घेणारा एकच. याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात. मग घरात आजोबांना विचारा, ते सांगतील: केंद्रावर बंड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद, आणि चुकाऱ्याची वाट. एकच गिऱ्हाईक असलं की विकणाऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही, या वाक्याचा अर्थ ती रांग आहे.

आणि दुसरीकडे जाता आलं तर? पैनगंगेच्या पलीकडे तेव्हाचा आंध्र प्रदेश. तिकडे भाव जास्त असला की रात्री कापूस नदीपार जायचा. इकडे हमी भाव जास्त असला की तिकडचा कापूस इकडे यायचा. सरकार याला तस्करी म्हणायचं. अर्थशास्त्रात दोन बाजारांतल्या भावाच्या फरकावर नफा कमावण्याला अंतरपणन म्हणतात. शेवटी तोटा वाढत गेला आणि २००० नंतर हा एकाधिकार सुटला. ही योजना बरोबर होती की चूक? यावर तुमच्या घरातच दोन मतं असतील. पेपरात "टीकात्मक परीक्षण करा" असं लिहिलेलं असतं ना, ते हेच. दोन्ही बाजू कारणांसकट मांडा.

वर्गातच बाजार भरवा

आता एक गोष्ट लांबची, पण तुमच्या वर्गाच्या कामाची. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात व्हर्नन स्मिथ नावाचा तरुण शिक्षक अर्थशास्त्राच्या अगदी प्राथमिक वर्गाला शिकवत होता. मागणी-पुरवठ्याची आकृती मुलांना पटेल कशी, हा त्याचा प्रश्न. त्यानं वर्गात बाजारच भरवला. अर्धे ग्राहक, अर्धे विक्रेते. प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्यावर त्याचा आकडा, दुसऱ्याला दाखवायचा नाही. उघड बोली लावा आणि सौदा करा. थोड्या फेऱ्यांत भाव आपोआप आकृतीतल्या समतोलाजवळ आला. स्मिथला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. १९६२ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं, आणि २००२ मध्ये नोबेल मिळालं.

तुम्ही हे बारा जणांत करू शकता, कट्ट्यावर बसून. सहा विक्रेते, प्रत्येकाकडे एक क्विंटल कापूस. कमीत कमी किती घेणार, ते चिठ्ठीवर: ६०००, ६३००, ६६००, ६९००, ७२००, ७५००. सहा ग्राहक, जास्तीत जास्त किती देणार: ८१००, ७८००, ७५००, ७२००, ६९००, ६६००. दोन-तीन फेऱ्या खेळा. सौदे चारच्या आसपास होतील आणि भाव ६९०० ते ७२०० च्या मध्ये येऊन बसेल. मग या आकड्यांची आकृती काढा. दोन वक्र तिथेच छेदतील.

आता दुसरा खेळ. जाहीर करा: ७५०० च्या खाली सौदा करायचा नाही. विकायला सहाही जण तयार. घ्यायला किती? तिघंच. तीन क्विंटल उरले. हाच किंमत तळाचा परिणाम. हा उरलेला माल कुणी उचलायचा, म्हणूनच सीसीआयची खरेदी लागते. खरी आकडेवारी बघा: लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत २०२४-२५ ला ७५२१ रुपये होती, २०२५-२६ ला ८११०. वाढ किती टक्के? काढा. साधारण ७.८ येईल. नुसता भाव जाहीर करून भागत नाही, त्या भावाला घेणाराही लागतो. हे तुमच्या बापाला माहीत आहे. आता तुम्हाला ते आकृतीसकट माहीत झालं.

मग पेपरात काय लिहायचं?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. नुसती गावची गोष्ट लिहून मार्क मिळणार नाहीत. तपासणाऱ्याला व्याख्या हवी, गृहीतं हवीत, आकृती हवी, अक्षांना नावं हवीत. बाजार माहीत असणं आणि अर्थशास्त्र माहीत असणं यांत फरक आहे. कास्तकाराला भाव पडला हे कळतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो कोणत्या कारणानं पडला, मागणी घटली की पुरवठा वाढला, हे वेगळं करून सांगता आलं पाहिजे. घरचं ज्ञान हा पाया आहे, त्यावर भिंत पुस्तकाचीच बांधायची.

म्हणून चार गोष्टी करा.

पहिली: एक वही करा. डाव्या पानावर पुस्तकातली संज्ञा आणि व्याख्या. उजव्या पानावर जिल्ह्यातलं उदाहरण. संधी खर्च: कापूस की ज्वारी. पूरक वस्तू: बियाणं आणि खत. अपूर्ण माहिती: रुमाल. उदाहरण स्वतः शोधा, माझं उतरवू नका. शोधताना जे डोकं चालतं, तोच अभ्यास.

दुसरी: वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृतीसकट. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! आणि तुमचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

तिसरी: उत्तराची बांधणी एकच ठेवा. व्याख्या, गृहीतं, आकृती, आकृतीचं स्पष्टीकरण, एक खरं उदाहरण, मर्यादा. व्याख्येचे नेमके शब्द आठवले नाहीत तर उदाहरणावरून व्याख्या आपल्या शब्दांत उभी करता येते. झरी जामणीच्या त्या मुलीकडे ऐनवेळी नेमकी हीच शिडी नव्हती.

चौथी: तिघा-चौघांनी मिळून बसा, आणि एकमेकांना शिकवा. ज्याला समजावून सांगता येत नाही, त्याला ते अजून समजलेलं नाही, एवढी सोपी परीक्षा.

आता शेवटचं. हे सगळं फक्त मार्कांसाठी आहे का?

यवतमाळचं नाव बाहेर निघालं की लोक दोन गोष्टी बोलतात, कापूस आणि आत्महत्या. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी समित्या आल्या, अहवाल झाले. तुमच्या जिल्ह्यावर बरंच अर्थशास्त्र लिहिलं गेलंय, पण लिहिणारे बहुतेक बाहेरून आलेले. आणि ज्याच्या घरात चुकाऱ्याचा हिशेब रोज होतो, ते पोरगं पहिल्याच वर्षी विषय सोडून देतं, कारण त्याला वाटतं हे आपल्यासाठी नाही.

१८६१ ला भाव का चढला हे इथल्या कास्तकाराला कुणी सांगितलं नाही. १८६५ ला का पडला तेही नाही. दीडशे वर्षं या जिल्ह्यात भाव बाहेरून येतोय आणि त्याचं कारणही बाहेरचेच सांगतायत. पहिल्या वर्षाची ती कंटाळवाणी आकृती म्हणजे ते कारण स्वतः वाचायचं अक्षरज्ञान आहे. ते सोडू नका.

या हंगामात एक काम करा. पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत दर आठवड्याला आपल्या बाजाराचा भाव वहीत लिहा, आणि शेजारी एक ओळ: का चढला, का पडला असेल. सेमिस्टर संपेल तेव्हा तुमच्याकडे असं एक पान असेल जे कोणत्याही गाइडमध्ये नाही. जमलं तर त्याचा फोटो पाठवा, त्यावर आपण एक भागच करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आज रात्री आजोबांना १९७२ बद्दल नक्की विचारा.